हिवाळ्यातले लंगोट : बाळ कोरडं, तर बाळ उबदार

रानात ज्वारी डोलू लागली आणि पहाटेचा गारवा अंगाला बोचू लागला, की नांदेड-लातूरकडच्या घरांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. घरात तान्हं बाळ आहे; मग थंडीत त्याला कापडी लंगोट बांधायचे की बाजारातले डायपर घालायचे? सासूबाई म्हणतात, "आम्ही चार-चार लेकरं पोतड्यांवरच वाढवली." सून म्हणते, "अम्मी, रात्रीतून सहा वेळा उठून बदलायचं कुणी आणि सकाळी बर्फासारख्या पाण्यात धुवायचं कुणी?" दोघींचंही म्हणणं खरं असतं. म्हणूनच हा वाद दरवर्षी तिथेच येऊन थांबतो.

या वादात एक गोष्ट मात्र निसटून जाते. कापड बांधल्याने बाळाला थंडी वाजत नाही आणि डायपर घातल्याने ती पळूनही जात नाही. बाळ गारठतं ते ओलीमुळे. आपल्या घरांत नानी-दादी बाळ रडलं की आधी खाली हात घालून बघतात आणि म्हणतात, "गिल्ला हुआ है, पयले बदल." दूध नंतर, झोका नंतर, आधी ओलं कापड काढायचं. थंडीतली सगळी काळजी या एका वाक्यात आली. बाकी प्रश्न उरतो तो सोयीचा: कापड किती ठेवायचं, धुवायचं कसं, वाळवायचं कुठे, आणि हे सगळं करायचं कुणी.

ओल आणि गारठा

आपल्याकडच्या हिवाळ्याची गंमत अशी, की दुपारी अंगात स्वेटर नकोसं वाटतं आणि पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा पारा २८-३० अंशांपर्यंत जातो आणि पहाटे १०-१२ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. गोदावरीकाठच्या नांदेडपेक्षा बालाघाटच्या पठारावरचं लातूर आणखी थोडं गार. पूर्वीच्या माळवदाच्या घरांना जाड मातीचं छत असायचं. दिवसाची ऊब रात्रीपर्यंत टिकायची. आता बहुतेकांच्या डोक्यावर स्लॅब आहे किंवा पत्रे. पत्र्याचं घर तर मध्यरात्रीनंतर झपाट्याने गार पडतं. म्हणजे बाळाची खरी परीक्षा इशाच्या नमाजपासून फजरपर्यंतच्या तासांत असते.

नवजात बाळाला आपल्यासारखं कुडकुडून ऊब तयार करता येत नाही. मानेजवळ आणि खांद्यांच्या मधे साठवलेली एक खास प्रकारची चरबी जाळून ते स्वतःला गरम ठेवतं. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची त्वचा जास्त, म्हणून त्याची ऊबही लवकर निघून जाते. त्यात कमरेभोवती ओलं कापड असेल तर ते पाणी सुकताना बाळाच्याच अंगातली उष्णता ओढून घेतं. वरून तीन दुपटी आणि कानटोपी असली तरी आत हे चालूच राहतं. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाला तर हा धोका अधिक.

बाळ गारठलंय की नाही हे ओळखायला एक सोपी रीत आहे. आपल्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावून बघा. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. पोट आणि पाय दोन्ही गार लागले तर ती धोक्याची खूण आहे. काखेत थर्मामीटर लावला तर नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवं. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्यांच्याकडे थर्मामीटरही असतो आणि वजनकाटाही. त्या आल्या की पाहुणी म्हणून चहा पाजून वाटेला लावू नका. बाळाचं तापमान बघून घ्या आणि ते कसं बघायचं हे शिकूनही घ्या.

कापडी लंगोटाचा इथे एक मोठा फायदा आहे. ओल लगेच कळते. डायपर ओल आतल्या आत धरून ठेवतो, त्यामुळे बाळाने किती वेळा लघवी केली याचा अंदाज राहत नाही. पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत निदान सहा वेळा लघवी होत असेल, तर बाळाला आईचं दूध पुरतंय असं समजायला हरकत नाही. हा हिशेब लंगोट मोजून अगदी शाळेत न गेलेल्या नानीलाही ठेवता येतो.

कापड कोणतं, किती

हा कापसाचा मुलूख आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून निघालेलं नांदेड-४४ हे वाण आपल्या वडीलधाऱ्यांनी शेतात लावलं, आणि नांदेडची उस्मानशाही मिल तर अनेक घरांच्या आठवणीत आहे. तरी आज बाळासाठी घरात शुद्ध सुती कापड शोधायला गेलं तर पंचाईत होते, कारण साड्या, ओढण्या, कुर्ते बहुतेक मिश्र धाग्याचे असतात. टेरिकॉट आणि पॉलिस्टर पाणी शोषत नाहीत. लघवी खाली ओघळते आणि पाठीपर्यंत झबलं भिजतं. लंगोटाला हवं जुनं, धुऊन-धुऊन मऊ झालेलं सुती कापड: दादीची जुनी सुती साडी, अब्बांची लुंगी, सुती पायजमा, नमाजच्या सुती ओढण्या. ओळखायची खूण म्हणजे कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. लगेच पसरला तर ते लंगोटाच्या कामाचं. थेंब वर बसून राहिला तर नाही.

घरात काही मिळालं नाही तर लातूरला गंजगोलाईच्या आजूबाजूला किंवा नांदेडला इतवारा बाजारात मलमल आणि फलालीन मीटरवर मिळतं. नवं कापड आणलं की दोन-तीन वेळा कढत पाण्यातून काढावं. त्यातली खळ गेल्याशिवाय ते नीट शोषत नाही.

आता किती हवेत? नवजात बाळाला दिवसरात्र मिळून दहा-बारा लंगोट सहज लागतात. उन्हाळ्यात धुतलेलं कापड तासाभरात वाळतं, म्हणून डझनभरात भागतं. हिवाळ्यात ते गणित चालत नाही. गल्लीतल्या घरात ऊन जेमतेम दोन-तीन तास येतं आणि दुहेरी घडीचं कापड संध्याकाळपर्यंत दमटच राहतं. म्हणून तीन वाटे करावेत: एक वाटा हाताशी, एक दोरीवर, एक कपाटात. या हिशेबाने २४ ते ३० लंगोट आणि निदान दहा दुपटी लागतात. खर्च फारसा होत नाही, कारण हे घरातल्याच कपड्यांतून निघतं. बाळंतपणाआधीच आईने, बहिणीने, भावजयीने मिळून ते फाडून, कडा शिवून, धुऊन ठेवले तर नंतरची धावपळ वाचते. लेकीच्या बाळंतपणाच्या तयारीत झबली-टोपड्यांसोबत लंगोटांचं हे गाठोडं असावं. बाळाला त्याचा उपयोग महागड्या फ्रॉकपेक्षा जास्त होतो.

लंगोट तिकोनी बांधा किंवा चौकोनी घडी करून नाडीने बांधा, गाठ फार आवळू नका. नाळ पडेपर्यंत कापडाची वरची घडी बेंबीच्या खाली राहू द्या, म्हणजे नाळ ओली होणार नाही. नाळेला काहीही लावू नका. ती कोरडी ठेवणं हाच तिचा इलाज.

रात्रीची सोय

रात्री तीन थर कामाला येतात. अंगालगत मऊ मलमलचा लंगोट. त्याच्या आत मधोमध सुती कापडाची जाड पट्टी. आणि बाळाच्या खाली एक दुपटं, त्याखाली लोकरीचा तुकडा. हा लोकरीचा तुकडा म्हणजे जुनं, खऱ्या लोकरीचं स्वेटर उसवून किंवा कापून केलेली चौकोनी घडी. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल धरून ठेवते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. मेंढपाळ पावसात घोंगडी पांघरतात ते याच कारणाने. घोंगडी मात्र टोचते, ती बाळाच्या अंगाला थेट लागू देऊ नका. मेणकापड किंवा प्लास्टिक गादी वाचवायला सर्वात खाली टाका. ते बाळाला गुंडाळू नका. प्लास्टिकच्या चड्डीत वाफ कोंडते आणि रात्रभर बाळ त्याच ओलीत भिजत राहतं.

रात्रीचं सगळं सामान झोपण्याआधीच एका टोपलीत मांडून ठेवा: पाच-सहा घडी केलेले लंगोट, दोन दुपटी, कोमट पाण्याचा छोटा थर्मास, पुसायला मऊ फडकं, ओले लंगोट टाकायला झाकणाची बादली. अंथरुणातून न उठता, बाळाचं वरचं अंग झाकलेलं ठेवून दोन मिनिटांत बदलता आलं पाहिजे. उद्याचा लंगोट आधी आपल्या पांघरुणात ठेवून कोमट केला, तर गार कापड लागून बाळ दचकून जागं होत नाही.

थंडीत आणखी एक सवय दिसते. बाळाचे दोन्ही पाय सरळ करून दुपट्यात करकचून बांधायचे. पाय सरळ राहतील, बाळ शांत झोपेल असं म्हटलं जातं. पण तान्ह्या बाळाचे खुबे अजून कोवळे असतात. पाय दाबून सरळ बांधल्याने खुब्याचा सांधा नीट बसत नाही, कधी निखळतोही. बाळाचे पाय बेडकासारखे वाकलेले, थोडे फाकलेले राहणं हीच त्यांची नैसर्गिक ठेवण आहे. जाडसर कापडी लंगोट ती ठेवण आपोआप सांभाळतो. छातीभोवती दुपटं गुंडाळा, पण पायांना हलायला जागा द्या.

बाळ फारच गार लागलं तर सर्वात चांगली शेगडी म्हणजे आईचं अंग. कोरडा लंगोट आणि टोपी घालून बाळाला आईच्या छातीवर कातडीला कातडी लागेल असं ठेवा आणि वरून दोघांना शाल पांघरा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात, पुरेशा काचपेट्या नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत सुरू केली. कांगारू मातृसेवा म्हणून ती आज जगभर आणि आपल्या सरकारी दवाखान्यांतही वापरली जाते. वडिलांनाही ती करता येते.

पाणी जड, पाणी कमी

मराठवाड्यात लंगोट धुण्याची अडचण दुहेरी आहे. एक तर बोअरचं पाणी जड. त्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण आणखी पावडर टाकतो, ती कापडात राहून जाते, आणि वाळलेला लंगोट पापडासारखा कडक होतो. तोच बाळाच्या जांघेत घासून कातडी लाल होते. दोष कापडाचा नसतो, त्यात उरलेल्या साबणाचा असतो. पावडर निम्मी करा, आणि शेवटचं खळबळणं जमेल तर नळाच्या पाण्यात करा. वाळलेले लंगोट दोन्ही हातांनी चोळून मऊ करून मगच घडी घाला. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव्य लंगोटांना लावू नका. त्याने कापडाची शोषण्याची ताकद जाते. डेटॉलसारखं जंतुनाशक रोज पाण्यात ओतण्याचीही गरज नाही. त्याचा अंश कातडीला चुरचुरतो.

दुसरी अडचण पाण्याच्या तुटवड्याची. लातूरकरांना ती सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूर स्टेशनात आली. दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. पुढे महिनोन् महिने ती गाडी धावत राहिली. त्या काळात ज्या घरात तान्हं बाळ होतं, तिथे लंगोटांचं पाणी हा चेष्टेचा विषय नव्हता. हिवाळ्यात मांजरा धरणात पाणी असतं, तरी नळ रोज येतोच असं नाही. म्हणून पाण्याची उतरंड करावी. लघवीचे लंगोट आणि मळाचे लंगोट वेगळ्या बादलीत. मळ आधी संडासात झाडून टाकायचा, मग थोड्या पाण्यात खळबळायचं. आज शेवटच्या खळबळण्याचं स्वच्छ पाणी उद्याच्या पहिल्या भिजवण्याला ठेवायचं. साबणाचं पाणी संडासात टाकायचं. असं केलं तर दहा-बारा लंगोटांना दोन-तीन बादल्यांच्या वर पाणी लागत नाही. नदीकाठी बसून वजू करतानाही पाणी वाया घालवू नये ही आपली शिकवण आहे. मग मोरीत नळ सोडून धुणं कसं चालेल?

धुणारीच्या हातांचाही विचार करा. बाळंतीण बाईने पहाटेच्या गार पाण्यात हात घालू नये. रात्रीचे लंगोट झाकणाच्या बादलीत तसेच राहू द्या, आणि ऊन वर आल्यावर, दहाच्या सुमारास, एक तांब्या गरम पाणी मिसळून धुवा. फजरला धुतले तर लवकर वाळतात असं नाही. दोरीवर ऊन येईपर्यंत ते नुसते ठिबकत राहतात.

ऊन आणि शेगडी

आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी असते, ही मोठी देणगी. गच्चीवर सकाळी दहा ते चार या वेळेत कडक ऊन मिळतं. उन्हाने कापड वाळतं, वास जातो, पिवळे डाग फिके होतात आणि बरेच जंतूही मरतात. लंगोट दोरीवर दुहेरी न टाकता एकेरी पसरा. दोन लंगोटांत चार बोटांचं अंतर ठेवा. मगरिबनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत असं नानी-दादी सांगतात. कारण त्या काहीही सांगोत, थंडीत सूर्य बुडताच हवेतली ओल कापडात उतरते आणि वाळलेला लंगोट पुन्हा दमट होतो. म्हणून असरची नमाज झाली की गच्चीवरून कपडे काढून आणायचे, असा घराचा नेम असावा. शंका आली तर लंगोट गालाला लावून बघा. हाताला न कळलेली ओल गालाला कळते.

शेगडीबाबत मात्र सावध राहायला हवं. बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून, दार-खिडकी लावून, वर टोपली पालथी घालून लंगोट वाळवायची रीत अजून आहे. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस बेशुद्ध होतो आणि बाळाचा जीव तर एवढासा. लोबान-ओव्याची धुरीही बाळाच्या छातीला चांगली नाही. शेगडी करायचीच तर दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात करा, कापड वाळवून घ्या, आणि निखारे विझल्यावर झोपा. पाऊसपाण्याच्या दमट दिवशी पंख्याखाली दोरी बांधणं किंवा लंगोटावर गरम इस्त्री फिरवणं हे त्याहून कितीतरी बरं.

पाकी आणि नमाज

आपल्या बहिणींच्या मनात लंगोटाविषयी सर्वात मोठी धास्ती वेगळीच असते. बाळ मांडीवर, कपडे केव्हा नापाक होतील नेम नाही. मग नमाज कशी होणार? थंडीत दिवसातून तीन वेळा कपडे बदलणं आणि अंग धुणं होत नाही, आणि हळूहळू नमाज सुटते. "बाळ मोठं झालं की सुरू करू" असं म्हणत दोन वर्षं जातात.

दीनने इतकी अडचण केलेलीच नाही. ह. उम्मे कैस बिन्ते मिहसन (रजि.) आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या. ते मूल अजून अन्न खात नव्हतं. प्रेषितांनी (स.) त्याला मांडीवर घेतलं आणि त्याने त्यांच्या कपड्यांवर लघवी केली. त्यांनी पाणी मागवून त्या जागी टाकलं, इतकंच. आपली नात उमामा (रजि.) हिला घेऊन त्यांनी नमाज पढल्याचंही हदीसमध्ये आलं आहे, सजद्याला जाताना ते तिला खाली ठेवत आणि उभं राहताना पुन्हा उचलून घेत.

वरच्या पहिल्या प्रसंगावरून इमामांनी वेगवेगळे मसले काढले. शाफई मसलकात, फक्त दुधावर असलेल्या मुलाच्या लघवीवर पाणी शिंपडणं पुरतं. मुलीच्या बाबतीत धुवावं लागतं. हनफी मसलकात मुलगा असो की मुलगी, धुणं आवश्यक आहे. कोकणातले आपले नातेवाईक बहुतेक शाफई आणि मराठवाड्यात बहुतेक हनफी, म्हणून लग्नाकार्यात दोन्हीकडच्या बाया भेटल्या की यावरून गोंधळ होतो. हनफी रीतीने लघवीचं कापड बादलीत धुताना तीन वेळा, दरवेळी नव्या पाण्यात धुऊन, दरवेळी पिळलं की ते पाक होतं. मळ लागला असेल तर तो निघेपर्यंत धुवावा. त्यानंतरही न जाणारा फिकट डाग उरला तर हरकत नाही. म्हणजे पिवळा डाग बघून लंगोट दहा-दहा वेळा घासत बसायची गरज नाही. तिथे पाणीही जातं आणि हातही.

दुसरा नेहमीचा प्रश्न वजूचा. लंगोट बदलल्याने हनफी मसलकात वजू तुटत नाही. हाताला लागलेलं धुऊन टाका आणि नमाजला उभ्या राहा. शाफई बहिणींनी मात्र आपल्या आलिमांना विचारावं, कारण तिथे शरमगाहला हात लागण्याचा मसला वेगळा आहे. व्यवहारातला उपाय सोपा आहे: नमाजसाठी एक सैल, पाक जोडी आणि मोठी ओढणी खुंटीला वेगळी टांगून ठेवा. बाळ घेताना मांडीवर जाड दुपटं टाका. आणि चिल्ला पूर्ण होईपर्यंत चाळीस दिवस थांबायलाच हवं असंही नाही. त्याआधी रक्त थांबलं तर गुस्ल करून नमाज सुरू होते. काही अडलं तर मोहल्ल्यातल्या आलिमांना किंवा आलिमाबाजींना विचारायला लाजू नका.

डायपरची जागा

इतकं वाचून कुणाला वाटेल, डायपर वाईटच. तसं नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत पॅम्पर्स बाजारात आले तेव्हापासून आयांची मोठी सोय झाली आहे. लातूरहून हैदराबादला किंवा नांदेडहून मुंबईला रेल्वेने रात्रीचा प्रवास, दवाखान्यात बाळ भरती असताना, घरात आजारपण, आठ दिवस नळ नाही, किंवा आई झोपेवाचून थकून गेलेली असताना रात्रीला एक डायपर लावला तर त्यात गुन्हा नाही. प्रश्न सवयीचा आणि खर्चाचा आहे. एक डायपर दहा रुपयांचा धरला आणि दिवसाला पाच लागले तर महिन्याला १५०० रुपये होतात. रात्रीचा एकच लावला तर ३००. उरलेल्या १२०० रुपयांत बाळंतिणीचं दूध, अंडी, खारीक येते. हातावर पोट असलेल्या घरात हा फरक मोठा आहे. आणि पैसे वाचवायला एकच डायपर दहा-बारा तास ठेवला जातो, तेव्हा तो ओल्या लंगोटापेक्षाही वाईट. दर तीन-चार तासांनी बघा. मळ झाला तर लगेच काढा. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत द्या. नाल्यात टाकलेला डायपर शेवटी मांजरा-गोदावरीतच जातो, आणि ते पाणी पुन्हा आपल्याच माठात येतं.

आता बटनाचे, आत काढता येणारी पट्टी असलेले शिवलेले कापडी डायपरही मिळतात. ते चांगले, पण त्यांच्या जाड पट्ट्या हिवाळ्यात वाळायला वेळ घेतात. पाच-सहा घेऊन रात्रीला वापरावेत आणि दिवसा साधे लंगोट, असा मेळ घालता येतो.

कातडी लाल झाली तर

दिवसातून दोन-तीनदा, दुपारच्या उन्हात, पाच-दहा मिनिटं बाळाला लंगोटाशिवाय ठेवा. वर झबलं-टोपी असू द्या. कोमट पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा, घासू नका. खोबरेल तेलाचा हलका हात किंवा झिंक ऑक्साइडचं मलम पुरतं. पावडर टाकू नका. ती श्वासात जाते आणि जांघेत ओल धरून गोळा होते. लाली जांघेच्या घड्यांत असेल, भोवती बारीक लाल ठिपके असतील आणि तीन दिवसांत कमी झाली नाही, तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडून आहे, कूस दिली तरी गार लागतं, काखेतलं तापमान ३५.५ च्या खाली किंवा ३७.५ च्या वर आहे, सात-आठ तास लंगोट कोरडाच आहे, यातलं काहीही दिसलं तर धुरी-शेक करत बसू नका. बाळाला छातीशी धरून थेट दवाखाना गाठा. रात्रीअपरात्री १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते.

हे काम कुणाचं?

पहिलं बाळंतपण बहुधा मायक्यात होतं. तिथे नानी आहे, खाला आहे, धाकटी बहीण आहे. पोतडे कोण धुतं हे बाळंतिणीला कळतही नाही. चिल्ला झाला की लेक बाळ घेऊन सासरी येते, आणि त्याच दिवसापासून बादली तिच्या एकटीच्या वाट्याला येते. हिवाळ्यात हे फार जड जातं. अंगात पुरती ताकद आलेली नसते, रात्रीची झोप तुटलेली, मोरीत गार पाणी, आणि वर "आमच्या वेळी आम्ही करत होतो" हे ऐकायचं. मग ती लंगोट बदलायला उशीर करते, किंवा चोवीस तास डायपर लावते, किंवा बाळावर चिडते. दोष तिचा नाही. तिच्या एकटीच्या अंगावर चार जणांचं काम पडलेलं असतं.

ह. आयशा (रजि.) यांना विचारलं गेलं, की प्रेषित (स.) घरात काय करत असत. त्यांनी सांगितलं, की ते घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. घरकाम त्यांच्या शानच्या आड आलं नाही. मग आपल्या घरातल्या पुरुषांच्या का यावं? बोअरचं पाणी तापवून देणं, बादली गच्चीवर चढवणं, पिळून दोरीवर टाकणं, असरनंतर काढून आणणं, इशानंतर घड्या घालून टोपली भरणं, यातलं एकही काम असं नाही जे बाळाच्या अब्बांना, काकांना, दादांना जमणार नाही. रात्री एकदा उठून लंगोट बदलणंही जमतं. दूध तेवढं आईलाच पाजावं लागतं. सासूबाईंनी सुनेला एवढंच म्हणावं, "बेटा, तू सो जा, मैं देखती." त्या एका वाक्याची ऊब तीन दुपट्यांहून जास्त.

कापड की डायपर, हा निर्णय ज्या घराने त्या घराच्या पाण्याप्रमाणे, पैशाप्रमाणे आणि माणसांप्रमाणे घ्यावा. पण रात्री बाळ रडलं, की खाली हात घालून बघायला कुणीतरी उठलं पाहिजे, आणि ते कुणीतरी दर वेळी एकच बाई असू नये. अल्लाह आपल्या लेकरांना कोरडं, उबदार आणि सलामत ठेवो. आमीन.